एक भाषा, दोन टोकं

बिलाची रक्कम एक लाख रुपये. पान उघडलं की आकडा आधी '१००,०००' असा उमटतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत '१,००,०००' होतो. कन्सोल उघडून बघावं तर लाल अक्षरांत तक्रार: सर्व्हरवरून आलेला मजकूर आणि इथं तयार झालेला मजकूर जुळत नाही. २०१८-१९च्या सुमारास अंधेरी एमआयडीसीपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत ज्यांनी ज्यांनी रिॲक्टची पानं सर्व्हरवर तयार करून पाठवली आणि त्यांत रुपये दाखवले, त्यांना या स्वल्पविरामानं कधी ना कधी गाठलं असणार.

कारण शोधायला अर्धा दिवस जायचा आणि सापडलं की हसू यायचं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या नेहमीच्या प्रतीत भाषा-प्रदेशांची माहिती तेव्हा फक्त इंग्रजीपुरती, तीही अमेरिकी वळणाची, भरलेली असे. लाख-कोटींची मांडणी त्याला ठाऊकच नव्हती. क्रोमला होती. मराठी आकडे मागितले तर क्रोम देवनागरी अंक द्यायचा, नोड निमूटपणे इंग्रजी अंक पुढे करायचा. ऑक्टोबर २०१९मध्ये नोडची तेरावी आवृत्ती सगळ्या प्रदेशांच्या माहितीसकट आली तेव्हा हा त्रास मिटला. पण त्याचा धाकटा भाऊ अजून हयात आहे. सर्व्हरचं घड्याळ बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर चालतं, बोरिवलीतल्या ग्राहकाचा फोन भारतीय वेळेवर. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात एकाच ओळीतून सर्व्हर आदल्या दिवसाची तारीख काढतो आणि फोन आजची. दिवसा तपासणाऱ्याला हा बग कधी दिसत नाही.

कोडची ओळ तीच, फाइल तीच, भाषा तीच. उत्तरं दोन. फुल स्टॅक जावास्क्रिप्टचं दुखणं एवढ्या एका स्वल्पविरामात मावतं. 'ब्राउझरमध्येही जावास्क्रिप्ट, सर्व्हरवरही जावास्क्रिप्ट, मग दोन वेगळी कामं कशाला?' हा त्या पंथाचा मंत्र. मंत्र ऐकायला सोपा आहे. पण सर्व्हर आणि ब्राउझर ही दोन वेगळी यंत्रं आहेत, त्यांच्यामध्ये तुटू शकणारी तार आहे, आणि त्यांतलं एक यंत्र परक्या माणसाच्या हातात आहे. ही हद्द कुठल्याच फ्रेमवर्कला काढून टाकता आलेली नाही. ती फक्त नजरेआड झाली, आणि तिचा हिशेब ठेवायचं काम डेव्हलपरच्या डोक्यावर येऊन बसलं.

ही हद्द आली कुठून, ते बघायला सीप्झच्या दारातून आत जावं लागतं.

अंधेरी पूर्वेचं सीप्झ १९७३मध्ये उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला टाटा बरोजसारख्या कंपन्या तिथं सॉफ्टवेअर लिहायला लागल्या. त्या काळातला प्रोग्रामर मेनफ्रेमला जोडलेल्या टर्मिनलसमोर बसायचा. टर्मिनलला स्वतःची अक्कल नव्हती. कळ दाबली की अक्षर मोठ्या यंत्राकडे जायचं, उत्तर यायचं, हिरवं उमटायचं. हिशेब, साठवण, पडद्यावरची मांडणी, सगळं एकाच यंत्रात आणि बहुतेक वेळा एकाच भाषेत, कोबॉलमध्ये. म्हणजे एका भाषेत सगळं लिहिण्याचं जे स्वप्न पुढे विकलं गेलं, ते या उपनगरात आधीच जगून झालं होतं. फरक इतकाच की तिथं यंत्रही एकच होतं.

नव्वदीत टेबलावर पीसी आले आणि काम दोन तुकड्यांत विभागलं. पडदे व्हिज्युअल बेसिक किंवा पॉवरबिल्डरमध्ये, खाली ओरॅकल किंवा सायबेस. माणसंही विभागली गेली: एक व्हीबीवाला, एक ओरॅकलवाला. दोघं एकमेकांवर खापर फोडायचे, कॅन्टीनमध्ये वाद घालायचे, पण तार कुठून कुठे जाते हे दोघांनाही पक्कं माहीत असायचं. तार निघाली की कुणाचं काय बंद पडतं याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. जागा भरतानाही दोन वेगळ्या जागा निघत. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

तोवर सीप्झपासून फार लांब नाही अशा जुहूला, गुलमोहर रस्त्यावरच्या एनसीएसटीत वेगळंच काही चाललं होतं. टीआयएफआरमधून निघालेली ही सरकारी संशोधन संस्था. १९८९मध्ये तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला सेकंदाला ९,६०० बिटांची तार जोडली गेली आणि देशातल्या मोजक्या शिक्षणसंस्थांची ईमेल तिच्यातून जाऊ लागली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. त्या दिवशी व्हीएसएनएलनं मुंबईसह चार महानगरांत सेवा सुरू केली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात, कॅलिफोर्नियात, नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या माणसानं दहा दिवसांत एक भाषा उभी केली होती. आधी तिचं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि ४ डिसेंबर १९९५ला सन कंपनीच्या जोडीनं जाहीर झालं ते जावास्क्रिप्ट. जावाची तेव्हा चलती होती, म्हणून नाव तिचं. बाकी नातं फारसं नाही.

पुढची गोष्ट बहुतेक क्लासमध्ये सांगत नाहीत. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट ही २००९ची कल्पना आहे असं पोरांना वाटतं. ती १९९६ची आहे. नेटस्केपनं आपल्या एंटरप्राइज सर्व्हरबरोबर लाइव्हवायर नावाची चीज दिली होती. एचटीएमएलच्या पानातच 'सर्व्हर' असा टॅग उघडायचा, आत जावास्क्रिप्ट लिहायचं. टॅगच्या आतला मजकूर सर्व्हरवर चालायचा, ओरॅकल-इन्फॉर्मिक्सशी बोलायचा. टॅगच्या बाहेरचा ब्राउझरमध्ये. एक पान, एक भाषा, दोन टोकं. फुल स्टॅक जावास्क्रिप्टचा हा खरा मूळपुरुष. मात्र त्यात एक प्रामाणिकपणा होता: हद्द कुठे आहे ते टॅगवर लिहिलेलं असायचं. नाही म्हणायला गोंधळाचं बीजही तिथंच पडलं. सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये 'क्लायंट' नावाची एक वस्तू वापरायला मिळायची. तीसेक वर्षांनी नेक्स्ट या आजच्या फ्रेमवर्कमध्ये फाइलच्या माथ्यावर 'यूज क्लायंट' अशी पाटी लावतात आणि ती पाटी लावलेला कोडही पहिल्या फेरीत सर्व्हरवरच चालतो. घराण्याची सवय, दुसरं काय.

लाइव्हवायर मागं पडलं. ते एकाच कंपनीच्या सर्व्हरला बांधलेलं होतं आणि ब्राउझरच्या लढाईत ती कंपनी हरत गेली. १९९८च्या नोव्हेंबरात एओएलनं तिला विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीमध्येही सर्व्हरवर जेस्क्रिप्ट चालायचं, पण आपल्याकडे एएसपी म्हटलं की व्हीबीस्क्रिप्ट. मग आली जावाची लाट आणि सीप्झच्या फाटकातून आत शिरणाऱ्यांचे दोन पंथ पडले, जावावाले आणि डॉटनेटवाले. त्यात जावास्क्रिप्टला विचारतो कोण? पिनकोड सहा आकडी आहे का, मोबाइल नंबर रिकामा तर नाही ना, एवढंच तिचं काम. ते काम कंपनीत काल लागलेल्या फ्रेशरकडे द्यायचं आणि वर 'इंटरनेट एक्स्प्लोरर सहामध्ये चालतंय ना तेवढं बघ' म्हणायचं. ब्राउझरांच्या या आपसातल्या भांडणावर पुढे मुंबईतच एक मोठी कंपनी उभी राहिली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११मध्ये ब्राउझरस्टॅक काढली. आपली साइट कुठल्या ब्राउझरमध्ये कशी दिसते ते तिथं भाड्यानं तपासून मिळतं. एका भाषेच्या नावाखाली किती बोली नांदत होत्या, याचा याहून मोठा पुरावा नको.

२००४मध्ये जीमेल आलं, २००५मध्ये 'एजॅक्स' हे नाव पडलं, २००६मध्ये जॉन रेसिगचं जेक्वेरी. सप्टेंबर २००८मध्ये क्रोम आणि त्याच्या पोटातलं व्ही८ हे इंजिन. फ्रेशरकडे ढकललेली भाषा एकदम वेगवान झाली. आणि नोव्हेंबर २००९मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत रायन डालनं नोड दाखवलं.

इथं जरा थांबायला हवं, कारण वंशावळीतली सगळ्यात मोठी थाप इथं शिरली. डालला दोन्हीकडे एक भाषा हवी म्हणून नोड केलं, असं नाही. त्याला हवा होता वाट बघत न बसणारा सर्व्हर: डेटाबेसकडून उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून न बसता तोवर दुसऱ्या चार गिऱ्हाइकांकडे बघणारा. दुसऱ्या भाषांतही त्यानं प्रयत्न करून पाहिले होते. जावास्क्रिप्ट सोयीची पडली, कारण तिच्याकडे फाइल वाचण्या-लिहिण्याची स्वतःची जुनी पद्धतच नव्हती आणि 'हे झालं की ते कर' या वळणाची तिला ब्राउझरमधून सवय होती. चॅट, सूचना, धावते भाव अशा कामांना नोड खरोखरच उत्तम. पण जिथं यंत्रालाच घाम गाळायचा असतो तिथं त्याची अडचण होते. महिनाअखेरीला जीएसटीच्या बिलांच्या हजारो पीडीएफ काढायला लावा, किंवा पन्नास हजार ओळींचं एक्सेल बनवायला सांगा. धागा एकच असल्यामुळे तेवढा वेळ बाकीचे सगळे ताटकळतात. त्यावर इलाज आहेत, पण ते केले की सोपेपणा संपतो.

'एक भाषा' हा विक्रीचा मुद्दा नंतर चिकटला. २०१३मध्ये वॅलेरी कार्पोव्हनं मोंगोडीबी, एक्स्प्रेस, अँग्युलर आणि नोड यांच्या आद्याक्षरांचा 'मीन' शब्द चालवला. पुढे अँग्युलर जाऊन रिॲक्ट आलं आणि 'मर्न' झालं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, ठाणे, कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, 'मर्न फुल स्टॅक, नोकरीच्या हमीसह' ही पाटी दिसतेच. जिथं एके काळी जावा शिकवायचे तिथंच, त्याच बाकांवर. कंपन्यांनाही शब्द फार आवडला आणि त्याचं कारण तंत्राच्या बाहेरचं आहे. व्हीबीवाला आणि ओरॅकलवाला अशा पूर्वी दोन जागा निघायच्या. आता जाहिरात एकच निघते. त्यात रिॲक्ट, नोड, डेटाबेस, क्लाउड, डॉकर, टेस्टिंग आणि शेवटी 'दडपणाखाली काम करण्याची तयारी'. अनुभव दोन ते तीन वर्षं. भाषा एक झाली म्हणून कामं कमी झाली नाहीत, माणसं झाली. परदेशी क्लायंटला 'रिसोर्स' मोजून बिल लावणाऱ्या उपनगरात हा हिशेब कुणाच्या लक्षात आला नसता तरच नवल.

शिकणाऱ्याचं नुकसान वेगळं. मीन-मर्नमधून आलेल्या मुलाला डेटाबेस म्हणजे जावास्क्रिप्टची वस्तू जशीच्या तशी ठेवायची जागा वाटते. एसक्यूएल त्यानं बाजूला ठेवलेलं असतं. मोंगोडीबीत अनेक नोंदी एकत्र, 'होतील तर सगळ्या, नाहीतर एकही नाही' अशा रीतीनं लिहायची सोय २०१८च्या चौथ्या आवृत्तीत आली. त्याआधीची पाच वर्षं क्लासमध्ये हाच स्टॅक शिकवून बाहेर पडलेली मुलं वसुलीची, उधारीची, सोसायटीच्या मेंटेनन्सची ॲपं लिहीत होती. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी सर्व्हर बसला तर? घाटकोपरच्या कुठल्याही दुकानातल्या मुनीमजीला हा प्रश्न पहिल्या दिवशी पडला असता. स्टॅकला पडला नव्हता.

या घराण्यातला सगळ्यात मोहक मुलगा म्हणजे मीटिओर. एप्रिल २०१२मध्ये तो या नावानं आला आणि जुलैत त्याला एक कोटी बारा लाख डॉलरचं भांडवल मिळालं. त्याचा दावा थेट होता: डेटाबेस सगळीकडे आहे असं समजा. ब्राउझरमध्ये बसून, सर्व्हर नावाची गोष्ट मध्ये नाहीच अशा थाटात, नोंद बदला; ती सगळ्यांच्या पडद्यावर आपोआप बदलेल. प्रात्यक्षिक बघताना टाळ्या पडायच्या आणि पडायलाच हव्यात असं ते होतं. आता त्याच्या नव्या प्रोजेक्टचं पोट उघडून बघू. आत सुरुवातीपासूनच दोन पॅकेजं घातलेली असायची, 'ऑटोपब्लिश' आणि 'इनसिक्युअर'. पहिलं सर्व्हरवरचा सगळा डेटा प्रत्येक ब्राउझरकडे पाठवायचं, दुसरं प्रत्येक ब्राउझरला तो बदलू द्यायचं. खऱ्या गिऱ्हाइकांसमोर जाण्याआधी ती काढून टाका, अशी सूचना होती. म्हणजे हद्द डेव्हलपरनं शेवटच्या आठवड्यात, आठवणीनं, स्वतः बांधायची. आणि ती बांधली की प्रात्यक्षिकातली जादू बरीचशी ओसरायची. पुन्हा ठरवत बसा कुणाला काय दिसेल आणि कोण काय बदलेल. साथीला मोंगोखेरीज दुसरा अधिकृत डेटाबेस नाही आणि गर्दी वाढली की सर्व्हरची दमछाक. मूळ कंपनीचं लक्ष दुसऱ्या कामाकडे वळलं आणि २०१९मध्ये मीटिओर एका कॅनेडियन कंपनीला विकलं गेलं. त्यावर आपला धंदा उभा केलेल्यांचं काय, हा प्रश्न अशा वेळी कुणी विचारत नाही.

याच काळात, घाटकोपरला खेटून असलेल्या विद्याविहारला, एक वेगळी चौकट आकार घेत होती. तिचाही दावा फुल स्टॅकचाच. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. त्याला लागेल असं सॉफ्टवेअर धड मिळेना, म्हणून ते स्वतःच लिहायला बसले. २००८मध्ये कंपनी निघाली, ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर झालं आणि त्याच्या खालची चौकट म्हणजे फ्रापे. सर्व्हरवर पायथन, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, खाली मारियाडीबी. दोन भाषा असल्याची लाज नाही. 'सेल्स इन्व्हॉइस'चा फोल्डर उघडा. एका फाइलमध्ये बिलाची रचना लिहिलेली: कुठले रकाने, कुठल्या प्रकारचे. दुसरी पायथनची, सर्व्हरवर चालणारी. तिसरी जावास्क्रिप्टची, पडद्यावर चालणारी. तिन्ही शेजारी शेजारी, आडनाव वेगवेगळं. कुठली ओळ कुठल्या यंत्रावर चालते हे फाइलच्या नावावरूनच कळतं, त्यासाठी डोकं लावावं लागत नाही. आणि पायथनचं फंक्शन ब्राउझरमधून हाकेला ओ देईल, असं हवं असेल तर त्याच्या डोक्यावर 'व्हाइटलिस्ट' अशी खूण हातानं लावावी लागते. खूण नाही तर बाहेरून प्रवेश नाही. मीटिओरच्या बरोबर उलट: तिथं सगळं उघडं, आठवेल ते बंद करा, इथं सगळं बंद, लागेल ते उघडा.

फ्रापेनंही पूर्ण जावास्क्रिप्टचा प्रयोग करून पाहिला, आणि मला या वंशावळीतला तो सगळ्यात बोलका तुकडा वाटतो. २०१८च्या सुमारास 'फ्रापेजेएस' नावाची चौकट त्यांनी लिहायला घेतली: नोड, इलेक्ट्रॉन आणि व्ह्यू. मूळ फ्रापेचीच कल्पना, पण सगळी एका भाषेत. स्वतंत्र चौकट म्हणून ती फार पुढे गेली नाही. तिचा गाभा 'फ्रापे बुक्स' या छोट्या उद्योगांसाठीच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये विरघळला, तिथं त्याला 'फ्यो' म्हणतात. आता हा प्रोग्राम कसला, तर दुकानदाराच्या स्वतःच्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही चालणारा. डेटा त्याच संगणकावरच्या फाइलमध्ये. तिथं यंत्र एकच, तार नाही, पलीकडे परका माणूस नाही. दोन्हीकडे एक भाषा तिथं शोभली, जशी मेनफ्रेमवर कोबॉल शोभत होती. ईआरपीनेक्स्टचा सर्व्हर मात्र पायथनवरच राहिला. नोडचा त्यांना विटाळ आहे असंही नाही. पडद्यावर ताजे बदल ढकलायला आणि ब्राउझरसाठी फाइली बांधायला ते नोडच वापरतात. ज्याचं जे काम ते त्याला दिलं, इतकंच.

फुल स्टॅकवाल्यांच्या दुसऱ्या एका वारशाबद्दल थोडक्यात. छोट्यात छोटं काम दुसऱ्याच्या पॅकेजवर टाकायची नोडची रीत. मार्च २०१६मध्ये अझर कोचुलू या प्रोग्रामरनं एका नावाच्या वादात चिडून आपली पॅकेजं मागे घेतली. त्यांत शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणारं अकरा ओळींचं 'लेफ्ट-पॅड' होतं. ते गेल्याबरोबर जगभर बिल्ड कोसळले. तेव्हा तो विनोद होता. ८ सप्टेंबर २०२५ला 'चॉक' आणि 'डीबग' या घरोघरच्या पॅकेजांत कुणी चोरकोड घुसवला, तेव्हा हसणारे कमी होते. रिकामं प्रोजेक्ट उघडलं तरी शेकडो अनोळखी लोकांचा कोड आत आलेला असतो, आणि ब्राउझरपुरता असता तर ठीक, आता तो डेटाबेसची किल्ली असलेल्या यंत्रावरही चालतो.

सध्याचा कर्ता पुरुष नेक्स्ट. ऑक्टोबर २०१६मध्ये आलेल्या या चौकटीनं सुरुवातीला एक नेमकं काम चांगलं केलं: रिॲक्टची पानं सर्व्हरवर तयार करून पाठवायची, म्हणजे स्वस्त फोनवरही मजकूर लवकर दिसेल. जिओच्या फोर-जीनं त्याच वर्षी सप्टेंबरात जे कोट्यवधी नवे लोक नेटवर आणले, त्यांच्यासाठी हे हवंच होतं. पण तयार पान पाठवल्यावर त्याच पानाचं जावास्क्रिप्ट आणि त्यात वापरलेला डेटा पुन्हा पाठवावा लागतो, आणि तेच काम फोननं पुन्हा करायचं. मजकूर दिसतो, बटण दिसतं, बोट आपटून काही होत नाही. डोंबिवली लोकलमध्ये सिग्नल येत-जात असताना हे अनुभवलेलं कुणीही सांगेल.

डेव्हलपरला मात्र छळतो तो बदलाचा वेग. डेटाबेसमधून माहिती आणून पानावर दाखवणं यापेक्षा मूलभूत काम वेबवर नाही. नेक्स्टमध्ये ते २०१६ला एका पद्धतीनं करायचं, मार्च २०२०पासून दुसऱ्या, आणि २०२३मध्ये नवा ॲप राउटर पक्का झाल्यावर तिसऱ्या. तिसऱ्या पद्धतीत आणलेली माहिती न सांगता साठवून ठेवली जायची. सकाळचा भाव संध्याकाळपर्यंत तसाच दिसतोय म्हणून लोक हैराण झाले. ऑक्टोबर २०२४च्या पंधराव्या आवृत्तीत ती सवय उलटी केली. म्हणजे ज्यांनी जुनी सवय गृहीत धरून लिहिलं होतं त्यांनी परत सगळं तपासायचं. अँग्युलरवाल्यांनी हे आधी भोगलंय: २०१६मध्ये दुसरी आवृत्ती पहिलीशी न जुळणारी आली आणि २०२१ संपताना पहिलीचा अधिकृत आधार संपला, कित्येक कचेऱ्यांची अंतर्गत पोर्टलं अधांतरी राहिली. शेजारच्या क्युबिकलमध्ये २०१४च्या जावा ८वर लिहिलेलं बँकेचं काम बिनबोभाट चालू असतं. जावास्क्रिप्टवाल्याची दहा वर्षांची उमेद त्याच तीन गोष्टी नव्यानं शिकण्यात जाते आणि बायोडेटावर ती दहा वर्षांचा अनुभव म्हणून दिसते.

पुन्हा, नेक्स्ट बनवणारी व्हर्सेल ही कंपनी होस्टिंग विकते. त्यांच्याकडे साइट ठेवली की सगळं गुळगुळीत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेक्स्टच्या सगळ्या सोयी नीट चालाव्यात म्हणून बाहेरच्या लोकांना 'ओपननेक्स्ट' नावाचा वेगळा प्रकल्प चालवावा लागतो. लाइव्हवायरही एका कंपनीच्या सर्व्हरला बांधलेलं होतं, एवढं फक्त नोंदवतो.

आणि 'यूज सर्व्हर'. फंक्शनवर ही खूण लावली की पडद्याच्या कोडमधून ते नेहमीच्या फंक्शनसारखं बोलावता येतं. मधला संदेश, उत्तर, सगळं फ्रेमवर्क बघतं. दिसायला घरातली हाक, प्रत्यक्षात इंटरनेटवर उघडलेलं दार. बिल रद्द करायचं फंक्शन असं लिहिलं आणि हाक मारणारा कोण ते आत तपासलं नाही, तर बटण कुणाला दिसतं याला अर्थ उरत नाही. बटणाशिवायही कुणी ते फंक्शन चालवू शकतो. मुलाखतीत हा प्रश्न टाकून बघावा. बटण दाबल्यापासून डेटाबेसमध्ये ओळ पडेपर्यंत काय काय होतं ते सांग. पडद्याकडचा भाग मुलं घडाघडा सांगतात. मग एक क्षण थांबून म्हणतात, 'पुढचं नेक्स्ट हँडल करतं.'

२०२५मध्ये नेक्स्टनं कसं हँडल केलं ते जगानं दोनदा पाहिलं. मार्चमध्ये उघड झालं की मधल्या टप्प्यावर लॉगिन तपासणाऱ्या 'मिडलवेअर'ला बगल देता येते. फ्रेमवर्क स्वतःशी बोलायला जी खूण वापरत होतं ती बाहेरच्यानं आपल्या विनंतीत घातली की तपासणीच व्हायची नाही. ३ डिसेंबरला त्याहून मोठं. ब्राउझरकडून आलेला संदेश रिॲक्ट सर्व्हरवर ज्या पद्धतीनं उलगडत होतं, त्यातच भोक: लॉगिन न करता कुणीही सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. गांभीर्य दहापैकी दहा. एकही 'यूज सर्व्हर' न लिहिलेली ॲपंही त्यात सापडू शकत होती. आवृत्ती बदला, गुप्त किल्ल्या बदला, अशा सूचना आल्या. ११ डिसेंबरला आणखी दोन भोकं जाहीर झाली आणि परत आवृत्ती बदला. पडद्यांची लायब्ररी म्हणून जे रिॲक्ट शिकले होते, ते त्या आठवड्यात रात्री जागून सर्व्हरचे लॉग चाळत होते, कुणी आत येऊन गेलं की काय ते शोधत. एकट्यानं. कारण सर्व्हरचा म्हणून वेगळा माणूस ठेवणं त्यांच्या कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं.